पोर्शेचे टायर: एक लाख चौऱ्याऐंशी हजार द्यायचे का, आणि कुठून?

कोल्हापूरच्या एका वाचकांनी विचारलं आहे. ते वास्तुविशारद आहेत, वय 43. तीन वर्षांपूर्वी गावाकडच्या जमिनीच्या वाट्याचे पैसे आले, त्यातून त्यांनी 2018 ची पोर्शे 718 केमन सेकंडहँड घेतली. वर्षाला साधारण 5,500 किलोमीटर चालते, बहुतेक रविवारी मुलीला घेऊन गगनबावडा किंवा आंबोलीपर्यंत. आता टायर बदलायला झाले आहेत. डीलरने पोर्शेच्या मान्यतेचे चार टायर 1,84,000 रुपयांना सांगितले. पुण्याच्या एका टायरवाल्याने तशाच दर्जाचे, पण मान्यतेची खूण नसलेले चार 1,43,000 ला दिलेत. कोल्हापुरातच कुणाकडे जुन्या साठ्यातला सेट 78,000 ला मिळतोय. आणि ट्रॅकवर जाणारा मित्र म्हणतो, घ्यायचेच तर सेमी-स्लिक, म्हणजे ट्रॅकसाठीचे कमी खाचांचे टायर घे, 2,35,000 लागतील. पैसे उभे करायला त्यांच्यापुढे चार वाटा आहेत: क्रेडिट कार्डावर बारा महिन्यांचा 'नो कॉस्ट' हप्ता, अडीअडचणीसाठी ठेवलेली सहा लाखांची एफडी, गृहकर्जावर टॉप-अप, किंवा म्युच्युअल फंड. पत्नीचं म्हणणं, गाडीच विकून टाकावी.

नमस्कार.

तुम्ही पत्रासोबत टायरच्या बाजूचे फोटो पाठवलेत हे फार बरं केलंत. किमतीच्या कागदांपेक्षा मला त्यांतच जास्त कळलं. तुम्ही लिहिलंय, "मागचे दोन गेलेत, पुढचे अजून चांगले आहेत, तेव्हा सध्या मागचे दोनच घेतले तर 1,02,000 मध्ये भागेल." फोटोत मात्र उलटं दिसतंय. टायरच्या बाजूवर 'डीओटी' (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी जे चार आकडे असतात, त्यातले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. तुमच्या मागच्या टायरवर 0921 आहे, म्हणजे 2021 चा नववा आठवडा. आधीच्या मालकांनी ते बदललेले दिसतात. पुढच्यांवर 2218 आहे. ते गाडीबरोबरच आलेले टायर आहेत, त्यांना आठ वर्षं होत आली.

पुढच्या टायरवर साडेचार मिलिमीटर खाच शिल्लक आहे हे खरं. पण फोटो मोठा करून खाचांच्या तळाशी बघा, केसासारख्या बारीक भेगा आहेत. रबर वापराने झिजतं तसं नुसत्या वयानेही कडक होत जातं, गाडी शेडमध्ये झाकून ठेवली तरी. असा टायर कोरड्या रस्त्यावर फारसं काही जाणवू देत नाही. ओल्या रस्त्यावर मात्र तो धरत नाही. त्यात मागे नवे कोरे आणि पुढे आठ वर्षांचे अशी जोडी लावलीत, तर करूळच्या घाटातल्या ओल्या वळणावर तुम्ही स्टीअरिंग वळवाल आणि गाडीचं नाक सरळच जाईल. शेजारच्या सीटवर मुलगी असते. दोनच टायर घेऊन 82,000 वाचवण्याचा विचार कृपा करून सोडून द्या. चारही बदलायचे. पुढचं सगळं गणित हे धरूनच मांडतो.

आधी पुण्याचं कोटेशन दुरुस्त करून घेऊ. त्यावर गेल्या ऑगस्टची तारीख आहे आणि जीएसटी 28 टक्के लावलेला आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून गाड्यांच्या टायरवरचा जीएसटी 18 टक्क्यांवर आला. मूळ किंमत तीच राहिली असेल तर 1,43,000 चे आज साधारण 1,32,000 व्हायला हवेत. त्यांच्याकडून नवं कोटेशन मागवा. मी पुढे 1,32,000 च धरतो: मागची जोडी 73,000, पुढची 59,000.

तुमच्या गाडीत इंजिन मधोमध, सीटच्या मागे आहे. वजन मागे जास्त आणि ताकदही मागच्याच चाकांना, म्हणून मागचे टायर आधी झिजतात. पुढे 235 रुंदीचे आणि मागे 265 चे असल्यामुळे साध्या गाडीत करतो तशी पुढची-मागची अदलाबदल करून झीज वाटून घेता येत नाही. त्यामुळे दोन्ही जोड्यांचा खर्च वेगवेगळा धरावा लागतो. मागची जोडी 18,000 किलोमीटर टिकेल असं मानू, म्हणजे तुमच्या वापराने सव्वातीन वर्षं. पुढची झिजेने नाही तर वयाने बाद होईल, तिला सहा वर्षं देऊ. या हिशेबाने डीलरचा सेट वर्षाला सुमारे 44,800 रुपयांना पडतो, किलोमीटरला आठ रुपयांच्या थोडा वर. पुण्याचा सेट वर्षाला 32,100, किलोमीटरला पावणेसहाच्या जरा पुढे. दोघांतला फरक महिन्याला 1,060 रुपये. 52,000 चा फरक म्हटलं की छातीत धस्स होतं, पण प्रत्यक्षात तो एवढाच आहे. तुम्ही लिहिलेल्या नऊच्या मायलेजने नुसतं पेट्रोलच किलोमीटरला बारा रुपयांच्या आसपास जातंय.

आता 78,000 वाला सेट. पत्र वाचताना सगळ्यात जास्त काळजी मला याचीच वाटली, कारण तुमचा कल तिकडे झुकलेला दिसतो. "एकही किलोमीटर चाललेले नाहीत, रॅपर तसंच आहे," असं विक्रेत्याने सांगितलं आणि तुम्हाला ते पटलं. पण त्यांच्यावर 2021 चं साल आहे. पाच वर्षं त्यांची आधीच गेली आहेत. तुमच्यासारख्या कमी चालणाऱ्या गाडीत खाचा संपण्याआधी वर्षं संपतात. हे टायर फार तर दोन वर्षं मनात शंका न ठेवता वापरता येतील. म्हणजे वर्षाला 39,000, किलोमीटरला सात रुपयांहून जास्त. पुण्याच्या नव्या, ताज्या सेटपेक्षा हा स्वस्त सेट महाग पडतो, शिवाय पकड कमी. महिन्याला दोन हजार किलोमीटर चालवणाऱ्याला मी कदाचित वेगळं सांगितलं असतं, तो वर्षभरात टायर झिजवून मोकळा होतो. तुम्हाला मात्र ताजी तारीख हवी. बिल करण्याआधी चारही टायरचे आठवडा-वर्षाचे आकडे फोटोत मागवा, आणि ते आकडे बिलावर लिहून द्यायला सांगा. सहा-आठ महिन्यांपर्यंतचं चालेल, वर्षाच्या आतलं हवंच.

असा जुना साठा आपल्याकडे जास्त का सापडतो, त्यालाही कारण आहे. जून 2020 मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरची आयात खुल्या यादीतून काढून परवान्याखाली आणली. त्यावर भारतीय मानकांचा शिक्काही बंधनकारक आहे. रोजच्या गाड्यांची मापं इथेच बनतात, त्यांना फरक पडला नाही. स्पोर्ट्स कारची मापं मोजकीच येतात. आली की दुकानदार ती धरून ठेवतो आणि गिऱ्हाईक मिळेपर्यंत वर्षं जातात. म्हणून ऐन जूनमध्ये शोधायला निघालात तर जे मिळेल ते घ्यावं लागेल. आज मागणी नोंदवा आणि दोन-तीन आठवडे थांबायची तयारी ठेवा. आणि आयएसआयची खूण नसलेला, कुणी तरी परदेशातून 'आणून दिलेला' टायर कितीही स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका.

सेमी-स्लिकबद्दल तुमच्या मित्राचं म्हणणं त्याच्या ठिकाणी बरोबर आहे. कोइम्बतूरच्या करी स्पीडवेवर किंवा चेन्नईच्या ट्रॅकवर तेच टायर हवेत. तुम्ही मात्र वर्षातून एकदाही ट्रॅकवर जात नाही, हे तुमच्याच पत्रात आहे. टायरच्या बाजूवर ट्रेडवेअर म्हणून एक आकडा असतो. मिशेलिनच्या पायलट स्पोर्ट 4 एस वर तो 300 आहे, त्याच कंपनीच्या ट्रॅककडे झुकणाऱ्या कप 2 च्या बऱ्याच मापांवर 180. आकडा जितका लहान तितकं रबर मऊ आणि आयुष्य कमी. हा आकडा प्रत्येक कंपनी स्वतःच्या चाचणीतून काढते, म्हणून एका कंपनीचा आकडा दुसरीच्या आकड्याशी ताडून पाहण्यात अर्थ नाही, पण एकाच कंपनीत तो खूप काही सांगतो. सेमी-स्लिक मागे 8,000 आणि पुढे 12,000 किलोमीटर गेले असं धरलं, तरी खर्च वर्षाला 1,37,000 च्या घरात जातो. किलोमीटरला 25 रुपये! आणि खाचा कमी असल्यामुळे पाणी बाहेर फेकायला जागाच नसते. आंबोली आणि गगनबावडा ही महाराष्ट्रातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी आहेत. तिथे जून ते सप्टेंबर हे टायर लावून जाणं मला तरी कुणाला सुचवता येणार नाही.

तुमच्या वापराला योग्य टायर म्हणजे उन्हाळी रबराचा, ओल्यात पकडणारा रस्त्यावरचा स्पोर्ट्स टायर. 'ऑल-सीझन' लिहिलेलं घ्यायची गरज नाही. ते सात अंशांखालच्या थंडीचा विचार करून बनवलेलं असतं, आणि कोल्हापूरचा पारा तिथवर सहसा उतरतच नाही. निवडताना युरोपीय लेबलवरची ओल्या पकडीची श्रेणी बघा. ती ए पासून ई पर्यंत असते. तुमच्यासाठी ए, फार तर बी. इंधनबचतीची श्रेणी खालची असली तरी दुर्लक्ष करा, 5,500 किलोमीटरमध्ये तिने विशेष काही वाचत नाही.

राहिला एन खुणेचा प्रश्न. पोर्शे आपल्या गाड्यांसाठी टायर कंपन्यांबरोबर चाचण्या करून जे टायर मान्य करते, त्यांच्या बाजूवर एन0, एन1, एन2 अशी खूण असते. शून्य म्हणजे पहिली आवृत्ती, पुढचे आकडे सुधारित आवृत्त्यांचे. पिरेलीचा पी झीरो किंवा मिशेलिनचा पायलट स्पोर्ट 4 एस खूण असलेलाही मिळतो आणि नसलेलाही, नाव एकच. खूण असलेल्याची आतली बांधणी आणि रबर त्या गाडीच्या वजनाप्रमाणे जुळवलेलं असतं. घाटात साध्या वेगाने जाताना तुम्हाला तो फरक कळेल का? बहुधा नाही. खूण नसलेला, पण नामांकित कंपनीचा, त्याच मापाचा आणि तेवढ्याच भार व वेग श्रेणीचा टायर सुरक्षित नाही असं मी म्हणणार नाही.

तरीही तुम्हाला मी एन खुणेचेच घ्यायला सांगतोय, आणि त्याचं कारण टायरमध्ये नाही. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की वाढीव वॉरंटी दरवर्षी भरता, वर्षाला दीड लाख. ती कागदपत्रं काढा आणि टायरविषयीची अट शोधा. उत्पादकाने मान्य केलेलेच टायर हवेत, असं कलम अशा करारांत असू शकतं. तसं असेल तर खूण नसलेले टायर लावून तुम्ही वर्षाला 12,700 वाचवाल आणि दीड लाख भरून घेतलेलं संरक्षण वादात घालाल. उद्या गिअरबॉक्सचं काम निघालं तर तिथे टायरच्या फोटोवरून घासाघीस सुरू होईल. अट नसेल, किंवा यंदा वॉरंटी पुढे चालू ठेवायचीच नसेल, तर पुण्याचा सेट घ्या आणि निश्चिंत राहा. आणखी एक: एन खुणेचे टायर फक्त डीलरकडेच मिळतात असं नाही. पुण्याच्या त्याच दुकानदाराला एन खुणेचं कोटेशन मागा. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे आणि एकाच एन आकड्याचे हवेत, एवढं त्याला स्पष्ट सांगा.

विम्याचंही बघून घ्या. नेहमीच्या गाडी विम्यात नुसता टायर फुटला किंवा खड्ड्यात बाजू कापली गेली तर काही मिळत नाही. गाडीलाही त्याच वेळी नुकसान झालं असेल तरच टायरचा विचार होतो, आणि तोही बदलण्याच्या खर्चाच्या निम्म्यापर्यंत. मागचा एक टायर तुम्हाला 51,000 ला पडतोय आणि आपले रस्ते तुम्हाला माहीत आहेत. नूतनीकरणाच्या वेळी टायर संरक्षणाची जोड किती रुपयांना मिळते ते विचारा. हजार-दोन हजारांत बसत असेल तर घ्या, सात-आठ हजार मागत असतील तर सोडा.

आता पैसे. चार वाटांपैकी टॉप-अप ही सगळ्यात वाईट, आणि बँकेचा माणूस तीच सगळ्यात गोड करून सांगेल. 1,84,000 रुपये 8.6 टक्क्यांनी तुमच्या उरलेल्या 14 वर्षांसाठी घेतले तर हप्ता 1,890 च्या आसपास येतो. ऐकायला काहीच नाही. पण एकूण फेड 3,17,000 होते. मागचे टायर सव्वातीन वर्षांत भंगारात जातील आणि त्यांचा हप्ता मुलीचं शिक्षण संपून ती नोकरीला लागली तरी चालूच असेल. झिजून संपणारी वस्तू घराच्या कर्जात घालू नका.

'नो कॉस्ट' हप्त्यात व्याज नसतं असं नाही. दुकानदार सूट देतो आणि तेवढंच व्याज बँक घेते, आणि त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी तुमच्या खिशातून जातो. बँकेचा दर 15 टक्के धरला तर तो अडीच हजारांच्या आसपास होतो, वर प्रक्रिया शुल्क. शिवाय रोखीने मिळाली असती ती सूट गेली. तुमच्या बाबतीत खरी अडचण वेगळीच आहे. तुमची फी टप्प्याटप्प्याने येते, कधी दोन महिने काहीच येत नाही असं तुम्हीच लिहिलंय. दरमहा 15,300 चा हप्ता अशा एखाद्या महिन्यात चुकला की कार्डाचं खरं व्याज सुरू होतं, वर्षाला 40 टक्क्यांच्या आसपासचं.

एफडीला हात लावू नका. घरखर्च 1,10,000 आणि गृहकर्जाचा हप्ता 41,000 मिळून महिन्याला दीड लाख लागतात. सहा लाख म्हणजे चार महिने. अनियमित जमा असलेल्या व्यावसायिकाकडे मला नऊ महिन्यांची सोय हवी असते, तुमची आधीच कमी आहे.

राहिले म्युच्युअल फंड. तिथे 31 लाख आहेत आणि मुलीच्या शिक्षणासाठीचे फंड तुम्ही वेगळे ठेवलेत, हे उत्तम. उरलेल्यांतल्या सगळ्यात जुन्या इक्विटी फंडातून 1,84,000 काढा. एक वर्षाहून जुन्या युनिट्सवरचा नफा आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंत करमुक्त असतो. काढलेल्या रकमेत निम्मा नफा निघाला तरी तो 92,000 होतो. यंदा दुसरी काही विक्री केली नसेल तर कर शून्य. एसआयपी थांबवू नका, ती तशीच चालू द्या.

मित्राने सांगितलं म्हणून बिल ऑफिसच्या नावाने घेऊन करात वजावट मिळेल, अशी तुमची अपेक्षा आहे. नाही मिळणार. वर्षाची जमा 46 लाख आहे आणि तुम्ही अनुमानित पद्धतीने विवरण भरता. त्यात निम्मी जमा नफा धरली जाते आणि उरलेल्या निम्म्यात सगळे खर्च आलेच असं कायदा मानतो. टायरचं बिल त्यावर वेगळं लावता येत नाही. बिल स्वतःच्या नावानेच घ्या, गाडी विकताना ते कामी येईल.

वहिनींच्या म्हणण्यावर मी मुद्दाम शेवटी आलो. गाडी परवडते की नाही हे टायरवरून ठरत नसतं. टायर 45,000, विमा 1,10,000, सर्व्हिस 85,000 आणि वॉरंटी दीड लाख, असा पेट्रोल सोडून वर्षाचा खर्च 3,90,000 होतो. तुमच्या जमेत तो बसतो. गेली तीन वर्षं तो कुठेच वेगळा काढलेला नाही, म्हणून दर वेळी नवं संकट आल्यासारखा येतो आणि घरात वाद होतो. वहिनींचा वैताग मला तरी गाडीपेक्षा या अचानकपणावर दिसतो. तुमची जमा दरमहा सारखी नसल्याने ठरावीक रकमेची एसआयपी इथे जमणार नाही. त्याऐवजी जी फी जमा होईल तिच्यातले साडेआठ टक्के त्याच दिवशी एका वेगळ्या लिक्विड फंडात टाका. वर्षाला 3,91,000 जमतील. गाडीचा प्रत्येक खर्च तिथूनच करायचा, दुसरीकडून एक रुपयाही घ्यायचा नाही. वर्षभर हे करून बघा आणि आकडे वहिनींसमोर ठेवा. फंड सतत रिकामा पडत असेल किंवा साडेआठ टक्के काढताना घरखर्चाला ओढ लागत असेल, तर त्यांचं बरोबर आहे आणि गाडी विकावी. आज विकायचीच ठरलं तरी या टायरवर कुणी नीट भाव देणार नाही, घेणारा टायरचे पैसे आधी वजा करेल.

टायर बसवताना अलाइनमेंट करून घ्याच आणि त्याचा छापील कागद मागा. तुमच्या मागच्या टायरची आतली कड बाहेरच्यापेक्षा जास्त खाल्लेली दिसते. ते तसंच राहिलं तर नव्या जोडीची सव्वातीन वर्षांची दोन होतील आणि मी वर मांडलेलं गणित कोलमडेल. हवा दर पंधरा दिवसांनी, टायर थंड असताना तपासा, दाराच्या चौकटीवर किंवा मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्याप्रमाणे. आणि हे सगळं मेच्या मध्यापर्यंत उरका. नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्याचा तेलकट थर असतो. तो जाईपर्यंत, साधारण पहिले तीनशे किलोमीटर, पकड पूर्ण मिळत नाही. तुमच्या वापराने त्याला तीन आठवडे लागतील, आणि ते कोरड्या रस्त्यावर गेलेले बरे.